चादरबाईची इथली भाषा

रुग्णालयाच्या तळघरातल्या धुलाईघरात तिला सगळे चादरबाई म्हणायचे. तिचं खरं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून मुकादमाने पहिल्याच आठवड्यात हे नाव ठेवलं आणि तिनेही ते मुकाट्याने अंगाला लावून घेतलं. पुढे पुढे तर कुणी खऱ्या नावाने हाक मारली तरी तिची मान चटकन वळायची नाही.

ती या देशात आली तेव्हा पुरती विशीचीही नव्हती. त्या काळी देशाला हात हवे होते. कारखाने उभे राहत होते, रुग्णालयांचे मजल्यावर मजले चढत होते, आणि इथली तरणी पोरं घामाच्या कामाला नाक मुरडत होती. म्हणून इथल्या सरकारची माणसं परमुलखात जायची, दंड चाचपून, दात बघून माणसं निवडायची आणि करारावर घेऊन यायची. कायद्यात या माणसांना शब्द होता, ‘पाहुणे कामगार’. चादरबाईचा नवरा काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर होता. तो म्हणायचा, "पाहुण्याला कुणी भट्टीपुढे उभं करतं का गं? आपल्याकडे तर पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत."

पाहुण्यांनी करार संपला की परत जावं, असं ठरलेलं. पण कारखान्यांना नवं माणूस शिकवण्यापेक्षा जुनंच परवडायचं, त्यामुळे करार वाढत गेले. मग एक सरकार आलं, ते म्हणालं, राहिलेत तर राहू द्या, पण नवे नकोत. दुसरं आलं, त्याने बायकामुलांना परवानगी दिली. तिसऱ्याने ती काढून घेतली. प्रत्येक वेळी चादरबाई आणि तिचा नवरा कुठल्या ना कुठल्या फटीतून आत राहिले, आणि शेवटी दोघांना कायम वास्तव्याचं कार्ड मिळालं. तोवर पदरात एक मुलगी आणि एक मुलगा होता. घरात मुलीला थोरली म्हणायचे आणि मुलाला धाकटा.

ही गोष्ट थोरलीने जशी पाहिली तशी आहे. तिची अगदी पहिली आठवण शाळेतली आहे. वर्गात तिला बाहेर जायचं होतं. तिने घरचा शब्द वापरून विचारलं. बाईंना कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं, मग रडत विचारलं, आणि मग बाकाखाली ओघळ गेला. पोरं फिदीफिदी हसली. चादरबाई कामावरून आली तेव्हा थोरली फ्रॉक लपवून कोपऱ्यात बसली होती. चादरबाई ओरडली नाही. तिने फ्रॉक धुतला, पिळला, दोरीवर घातला, आणि आत येऊन नवऱ्याला आणि पोरांना समोर उभं केलं.

"आजपासून या घरात इथलीच भाषा बोलायची. तिकडचा एक शब्द कानावर आला तर माझ्याशी गाठ आहे."

देशाने असा कायदा केला तो फार नंतर. चादरबाईच्या घरात तो त्या संध्याकाळीच लागू झाला.

आणि ती नुसती बोलून थांबली नाही. इस्त्रीच्या रोलरवर चादर सोडता सोडता शेजारणीला विचारून विचारून तिने भाषा शिकून घेतली. वाफेत उभं राहून रोज नवे शब्द घोकायची. म्हणी शिकली, शिव्या शिकली, पाककृती वाचायला शिकली. दोन-चार वर्षांत ती अशी बोलायला लागली की फोनवर कुणाला कळू नये. धाकट्याच्या तोंडून एकदा चुकून तिकडचा शब्द गेला, तर तिने त्याला फटका मारला. तो शब्द कोणता होता हे आज दोघाही भावंडांना आठवत नाही.

नवऱ्याला मात्र ते जमलं नाही. भट्टीच्या आवाजात कुणी कुणाशी बोलतच नसे, मग शिकणार कुठे? त्याची इथली भाषा म्हणजे ‘हो’, ‘नाही’, ‘उद्या’ आणि ‘बरं’. तेवढ्या चार शब्दांवर त्याने घरात संसार केला. पोरांना वाटायचं, बाबा मुळातच अबोल आहेत. एकदा थोरलीने त्याला कारखान्याच्या मागच्या अंगणात गावच्या माणसाबरोबर बघितलं. तो हात उडवून उडवून काहीतरी सांगत होता, मधेच नक्कल करत होता, आणि ऐकणारा पोट धरून हसत होता. थोरली भिंतीआडच थांबली. तिला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाचे तरी बाबा आहेत. मग ती हाक न मारता घरी आली.

नागरिकत्व घ्यायची वेळ आली तेव्हा हाच अबोल माणूस अडून बसला. तिकडचं सोडल्याशिवाय इथलं मिळत नव्हतं आणि नवराबायकोने अर्ज एकत्र करायचा होता. "नाही," तो म्हणाला. का, तर उत्तर नाही. चादरबाईने आदळआपट केली, दोन दिवस अबोला धरला, पण अबोल्याचा त्याच्यावर काय परिणाम होणार! पुढे भट्टीच्या धुराने त्याची छाती गेली आणि तो इथल्याच मातीत गेला. त्यानंतर चादरबाईने तो विषय काढला नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "कार्ड आहे ना कायमचं. कायम म्हणजे कायम."

थोरली मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. धाकटा दुसऱ्या शहरात गेला आणि फोनवर राहिला. थोरलीने लग्न केलं ते इथल्याच एका बसचालकाशी. माणूस दिलदार होता, घरात शिरला की आधी सासूच्या हातचा चहा मागायचा. चादरबाईचाही तो लाडका होता. दोघं टीव्हीसमोर बसून राजकारणावर वाद घालायचे, पण खरं तर तो वाद नसायचाच. दोघं एकाच बाजूला असायचे.

त्या वर्षी टीव्हीवर रोज तोच विषय होता. नवा कायदा यायचा होता आणि त्यावर लोकांनीच मत द्यायचं होतं. कागदावर त्याचं नाव हातभर लांब होतं, लोक त्याला नुसतं ‘जिभेचा कायदा’ म्हणायचे. बाहेरून आलेल्या ज्यांनी नागरिकत्व घेतलेलं नाही, त्या सगळ्यांना इथल्या भाषेची आणि रीतीभातीची परीक्षा द्यावी लागणार होती. नापास झाला तर राहण्याचा परवाना रद्द. एक पुढारी म्हणायचा, पाण्यात साखर विरघळते तसं माणसाने विरघळावं. दुसरा म्हणायचा, माणूस म्हणजे साखर आहे का? तिसरा म्हणायचा, बोलावलं तेव्हा हात बघितले, आता जीभ बघता. मग सगळे एकदम बोलायला लागायचे आणि कुणाचंच काही ऐकू यायचं नाही.

"मी तर कायद्याच्या बाजूनेच मत देणार," जावई म्हणाला.

थोरलीच्या हातातला डबा तिथेच राहिला. "आई बसलीये समोर."

"अगं, आईंसारख्यांसाठी नाहीच तो! आई तर आपल्याच. ते जे येतात आणि दहा वर्षं कोपऱ्यात राहून एक वाक्य शिकत नाहीत, त्यांच्यासाठी आहे."

"बरोबर बोलतोय तो," चादरबाई म्हणाली. "आम्ही नाही शिकलो? वाफेत उभं राहून शिकलो. यायचं तर शिकायला नको? फुकट का राहायचं?"

"आई, तुझ्याकडेही नागरिकत्व नाहीये."

"माझी परीक्षा घेऊ दे की कुणी. मीच त्याचं व्याकरण काढीन."

जावई खो खो हसला. त्याने सासूच्या हातावर टाळी दिली. थोरलीलाही हसू आलं, हे तिला पुढे कितीदा तरी आठवलं.

धुलाईघरातही चादरबाई असंच वागायची. निवृत्त व्हायच्या थोडं आधी तिथे एक बाई नव्याने लागली. तिशीतली, हडकुळी, चेहऱ्यावर सतत ‘माझं काही चुकलं का’ असा भाव. तिला सगळे नवी म्हणायचे. ही नवी चादरबाईच्याच मुलखातली निघाली. पहिल्याच दिवशी गाठोडी सोडताना ती चादरबाईच्या कानाशी लागून तिकडच्या भाषेत काहीतरी म्हणाली. चादरबाईने मान वर न करता इथल्या भाषेत उत्तर दिलं, "इथलं बोल. नाही तर बोलू नकोस." हे चादरबाईने घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं, म्हणून थोरलीला माहीत.

कायदा मंजूर झाला. चादरबाई निवृत्त झाली, थोरलीकडे राहायला आली. आणि शब्द गळायला लागले.

सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. ती उशीला चादर म्हणाली, साठीनंतर कोण असं म्हणत नाही? मग एकदा तिला इस्त्री हवी होती. चाळीसेक वर्षं जिच्यावर पोट भरलं त्या वस्तूचं नाव तिला आठवेना. ती हाताने दाबून दाखवत राहिली, चिडली, आणि तिच्या तोंडून एक वेगळाच शब्द आला. तो इथला नव्हता. ती स्वतःच दचकली. ओठांवर हात ठेवून थोरलीकडे बघत राहिली, जसं काही ताट फोडताना सापडली.

डॉक्टर भला माणूस होता. त्याने चित्रं दाखवली, बोटं मोजायला लावली, मग थोरलीला बाहेर घेऊन म्हणाला, "हा विस्मरणाचा आजार आहे. अशा माणसांचं नंतरचं आधी जातं आणि लहानपणीचं शेवटपर्यंत टिकतं. त्यांची दुसरी भाषा जाईल. पहिली राहील. तुम्ही घरी पहिल्या भाषेत बोलत चला, त्यांना बरं वाटेल."

"मला येत नाही," थोरली म्हणाली.

"थोडीफार?"

"एक शब्दही उरला नाही."

डॉक्टरने चष्मा काढून पुसला. तो चष्मा थोरलीच्याच दुकानातला होता.

तिने धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तू योग्य तेच करशील. काही लागलं तर मी आहेच." तो ‘आहेच’ म्हणाला की तो नसतो, हे थोरलीला लहानपणापासून ठाऊक होतं.

पानगळ सुरू व्हायच्या सुमारास परीक्षेचं बोलावणं आलं. जावयाने ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. "पण कायम वास्तव्य आहे ना त्यांचं?" तो म्हणाला.

"कायमवाल्यांनाही आहे. तूच तर मत दिलंस."

"मी... यांच्यासाठी नव्हतं ते." त्याचा आवाज असा बारीक झालेला थोरलीने कधी ऐकला नव्हता. तिला अजून दोन शब्द टाकायचे होते, पण त्याचं तोंड बघून तिने ते गिळले.

ते दोघं कचेरीत गेले. आजाराचे कागद दाखवले. खिडकीतली बाई सौजन्याने बोलली. आजाऱ्यांना सूट आहे, म्हणाली, पण आधी परीक्षेला बसावं लागेल.

"पण ती देऊच शकत नाही परीक्षा," थोरली म्हणाली.

"देऊ शकत नाहीत हे बसल्याशिवाय कसं ठरणार?"

जावयाने घरी सरावाचं पुस्तक आणलं. कशाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. माणसाचे हात रिकामे राहवत नाहीत, एवढंच. त्यातला एक प्रश्न त्याने मोठ्याने वाचला, "शेजाऱ्याकडे जाताना आधी कळवावे की न कळवता जावे?" आणि म्हणाला, "माझ्या आईला विचारा. ती शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्येच असते." कुणी हसलं नाही. चादरबाई पुस्तकाच्या कव्हरवरून अंगठा फिरवत होती, चादरीची घडी बसवल्यासारखा.

परीक्षेच्या दिवशी तिने स्वतः केस विंचरून घेतले. खोली स्वच्छ होती, टेबलावर पाण्याची बाटली, भिंतीवर देशाचा नकाशा. परीक्षक तरुण होती. तिने चादरबाईला खुर्ची दिली आणि सावकाश विचारलं, "आजी, तुम्ही काय काम करत होता?"

चादरबाईचा चेहरा उजळला. ती ताठ बसली आणि बोलायला लागली. भरभरून बोलली. मधे थांबली, परीक्षक बाईला काहीतरी समजावून सांगितलं, हाताने रोलर फिरवून दाखवला, एक विनोदही केला असावा, कारण स्वतःशीच हसली. सगळं तिकडच्या भाषेत. आणि तिला ते कळलंच नाही. तिच्या दृष्टीने ती फाडफाड इथली भाषा बोलत होती.

परीक्षक बाईने थोरलीकडे बघितलं. "काय म्हणतात त्या?"

"मला समजत नाही," थोरली म्हणाली.

"तुम्ही मुलगी ना?"

"हो."

बाईने चित्रं दाखवली, चावी, पाव, छत्री. चादरबाईने प्रत्येकाचं नाव झटकन सांगितलं आणि शाबासकीची वाट बघितली. बाई प्रत्येक वेळी "छान" म्हणाली. समोर काय लिहिलं ते थोरलीने बघितलं नाही. बाहेर आल्यावर चादरबाईने लेकीचा हात दाबला आणि विजयी मुद्रेने एक वाक्य बोलली. थोरली म्हणाली, "हो आई. झालं छान."

आता कचेरीच्या मंडळासमोर सूट मागायची होती आणि त्याला कितीही वेळ लागू शकत होता. इकडे घरात इथली भाषा रोज थोडी थोडी आटत होती. आईला दुखतं तर कुठे दुखतं, भूक लागलीये की भीती वाटतेय, काही कळेना. जेवायच्या वेळी ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून. थोरलीला वाटलं, पाणी मागते. ती पाणी आणायची. चादरबाई पेला बाजूला सारायची आणि तेच वाक्य म्हणायची. थोरली पुन्हा पाणी आणायची.

शेवटी थोरलीला नवीची आठवण झाली. ती धुलाईघरात गेली आणि ओशाळून म्हणाली, "माझ्या आईने तुम्हाला एकदा तोडून टाकलं होतं. मला माहीत आहे. पण मला दुसरं कुणी नाही."

नवी मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, "मावशी मला घडी शिकवली. रागवली, पण शिकवली. मी येते."

ती आली. चादरबाईच्या पायाशी बसून तिने तिकडच्या भाषेत काहीतरी विचारलं. चादरबाईने तिच्याकडे बघितलं, मग तिचे दोन्ही हात धरले आणि अशी बोलत सुटली की मधे श्वासही घेईना. थोरली दाराशी उभी होती. आई हात उडवत होती, मधेच कुणाची तरी नक्कल करत होती. नवी पोट धरून हसत होती.

"काय म्हणते?" थोरलीने विचारलं.

"सांगते, गावात एक बकरी... शाळेत आली... मास्तर बाकावर चढला." नवीला पुढे शब्द सापडेनात. "ताई, खूप हसण्यासारखं. मला सांगता नाही येत."

मग थोरलीने जेवतानाच्या वाक्याबद्दल विचारलं. नवीला जेवायलाच बसवून घेतलं. चादरबाईने रिकाम्या खुर्चीकडे बघून ते वाक्य म्हटलं, आणि नवी जरा घुटमळली.

"नवऱ्याला म्हणते. म्हणते... मुलं झोपली. आता बोल."

जावई उठून बेसिनपाशी गेला आणि नळ सोडून नुसताच उभा राहिला. थोरलीने आईच्या ताटातला भाताचा ढीग नीट केला. मग तोच पुन्हा नीट केला.

त्यानंतर नवी कामावरून सुटली की रोज यायला लागली. घरात एक वेगळाच जीव आला. चादरबाईला कंबर दुखते हे कळलं, सूप खारट लागतं हे कळलं, ती थोरलीला एक चांगली पगारी बाई समजते आणि ‘माझी मुलगी शाळेतून यायची आहे’ असं सांगते, हेही कळलं. काही कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं थोरलीला अधूनमधून वाटायचं. थोरली नवीकडून दोन-चार वाक्यं शिकली. ‘दुखतं का’, ‘भूक लागली का’. जीभ वळायची नाही. एकदा धीर करून तिने आईला त्या भाषेत विचारलं, तर चादरबाईने घाबरून दाराकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. नवीने सांगितलं, "म्हणते, मुलांसमोर नको."

नवीलाही तीच परीक्षा होती. रुग्णालयाजवळच्या शाळेत नवख्यांसाठी संध्याकाळी भाषेचा वर्ग भरायचा. थोरलीने एकदा विचारलं होतं, "तुमचा वर्ग असतो ना या वेळी?"

"असतो. चालतं ताई. मी घरी वाचते."

थोरलीने पुन्हा विचारलं नाही. आई हसत होती. त्या हसण्यासमोर तिला पुन्हा विचारवलं नाही.

हिवाळा सरता सरता दोन्ही निकाल लागले. चादरबाईला सूट मिळाली, एका वर्षाची, दर वर्षी कचेरीचा माणूस घरी येऊन बघून जाईल आणि वाढवेल. नवी नापास झाली. लिहिण्यात निभावली, बोलण्यात गेली. परीक्षकाने लिहिलं होतं की उमेदवार दैनंदिन जीवनात इथल्या भाषेचा पुरेसा वापर करत नाही.

थोरली दुकानातून रजा काढून कचेरीत धावली. खिडकीत तीच बाई होती.

"तुम्ही त्यांच्या नातेवाईक?"

"नाही."

"मालक?"

"नाही. ती माझ्या आईशी बोलते."

मग बाईनेच वाट सुचवली. आजारी माणसाची देखभाल करणारी म्हणून परवाना मागता येईल, म्हणाली. थोरलीच्या जिवात जीव आला. बाईने नियम काढून वाचला आणि तिचा आवाज मंदावला. देखभाल करणाऱ्याकडे भाषेचं प्रमाणपत्र हवं होतं. रुग्णाला समजेल अशा भाषेत बोलता यावं म्हणून.

"पण माझ्या आईला ती भाषा समजतच नाही," थोरली म्हणाली. "तुमच्याच मंडळाने तसं लिहून दिलंय."

"मला कळतंय हो."

"मग?"

"नियम रुग्णांच्या हितासाठीच आहे," बाई म्हणाली. तिने हे टोमण्याने म्हटलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की चष्म्याचा नंबर बदलला होता, थोरलीला सांगता आलं नाही. मागे रांगेत कुणी खोकलं. थोरली बाजूला झाली.

जावयाने त्याच्या पुढाऱ्याची कचेरी गाठली. तिथे त्याला चहा दिला, त्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि अशा प्रकरणांचं फार वाईट वाटतं असं सांगितलं. तो परत आला आणि बसच्या गणवेशातच पलंगावर आडवा झाला. "मी एकट्याने नव्हतं दिलं मत," तो छताला म्हणाला. थोरली त्याच्या बुटांच्या नाड्या सोडत होती. तिने दोन्ही बूट काढून पलंगाखाली सरकवले.

नवी निरोप घ्यायला आली तेव्हा चादरबाईला काय सांगायचं यावरून दोघींची कुजबुज झाली. नवी म्हणाली, खरं सांगू नये, उद्या येते म्हणावं. तिने तसंच सांगितलं. चादरबाईने मान हलवली, तिचा हात धरून काहीतरी बजावलं.

"काय म्हणाली?"

"उशीर करू नको म्हणाली."

दाराशी थोरलीने तिचा खांदा धरला. "तुमचा वर्ग..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"माझ्या आईशी कुणी बोलत असेल तिकडे," नवी म्हणाली. "मी इथे बोलली." आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चादरबाई दाराकडे तोंड करून बसली. तिसऱ्या दिवशीही. थोरलीने फोनवरून तिकडची गाणी लावून बघितली, चादरबाई फोनला उत्तरं द्यायला लागली आणि फोन ऐकत नाही म्हणून रडली, तेव्हा तेही बंद केलं. थोरली आपली दोन-चार वाक्यं बोलायची. चादरबाई आधी ओठांवर बोट ठेवायची, नंतर नुसतंच बघायची. हळूहळू तिचं बोलणं कमी झालं. उन्हाळा येईपर्यंत ती दिवसाकाठी एखादाच शब्द बोलायची, आणि एका आठवड्यात थोरलीच्या लक्षात आलं की तोही नाही.

वर्ष भरलं तेव्हा कचेरीचा माणूस आला. मध्यमवयीन, घाम पुसत जिने चढून आलेला. त्याने पाणी मागितलं, ते पिऊन घर बघितलं, चादरबाईची खोली बघितली. ती खिडकीशी बसली होती, अंगावर इस्त्रीचे कपडे, समोर इथल्याच बातम्या लावलेल्या. बातम्यांत कायद्याला दोन वर्षं झाल्याबद्दल चर्चा सुरू होती. एक जण म्हणत होता कायदा यशस्वी झाला, दुसरा म्हणत होता अजून कडक हवा.

"आजी, कशा आहात?" त्याने विचारलं.

चादरबाईने त्याच्याकडे बघून हलकेच मान डोलावली.

"घरात इथलीच भाषा ना?" त्याने थोरलीला विचारलं.

"हो," थोरली म्हणाली. "दुसरी कुणाला येत नाही."

त्याने कागदावर खूण केली, सही घेतली, आणि आजी किती शांत आहेत म्हणून कौतुक केलं. त्याच्या स्वतःच्या आईचा म्हणे फार आरडाओरडा असायचा. थोरलीने त्याला दारापर्यंत पोचवलं. परत आली तेव्हा बातम्या संपून हवामान लागलं होतं. तिने आवाज कमी केला, आईच्या मागे उशी सरकवली आणि दुकानात उशीर होईल असं कळवायला फोन हातात घेतला.